घडीच्या सायकलला मोटर बसवताना



गेली दोन वर्षं गणपतीला, दिवाळीच्या फराळाला, अगदी मुलांच्या मराठी शाळेच्या दारातही एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुमची ती छोटी सायकल चढावर आपोआप कशी जाते हो?" उत्तर देता देता चहा गार होतो, आणि पुढच्या कार्यक्रमात तेच पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून या वेळी सगळं एकत्र लिहून काढलं आहे. आम्ही दोघंही आयटीतले. इंजिनियरिंगची पदवी आहे, पण मोटर बसवताना केलेल्या चुका पाहता तिचा फारसा उपयोग झाला असं म्हणवत नाही. त्या चुकाही खाली दिल्या आहेत, म्हणजे तुम्हाला त्या पुन्हा करायला नकोत.

लेख ब्रिटनमधल्या वाचकांसाठी आहे. दुसऱ्या देशात राहत असाल तर तांत्रिक भाग तोच, कायदा मात्र तिथला पाहा.

आधी एक प्रश्न: घडीची सायकल कशासाठी?

घडीची सायकल आपण वेगासाठी घेत नाही. घर ते स्टेशन सायकल, मग गाडी, मग स्टेशन ते ऑफिस पुन्हा सायकल, यासाठी घेतो. म्हणजे तिचे गुण तीन: घडी होते, उचलता येते, गाडीत नेता येते. मोटर बसवल्यावर या तिन्हींवर परिणाम होतो. साधी स्टीलची ब्रॉम्प्टन ११ ते १२ किलोची असते. मोटर आणि बॅटरी मिळून त्यात ४ किलोच्या आसपास भर पडते. जिना चढताना हे चार किलो चांगलेच जाणवतात.

आमच्या मते सगळ्या लेखाचं सार एवढंच: मोटर अशी बसवा की घडी बिघडणार नाही, आणि बॅटरीत पैसे वाचवू नका. बाकी सगळं दुरुस्त करता येतं.

कायदा काय म्हणतो

ग्रेट ब्रिटनमध्ये अशा सायकलींचा मूळ नियम १९८३ चा असून २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. या नियमात बसणारी सायकल 'ईएपीसी' म्हणून ओळखली जाते. तिच्या मुख्य अटी अशा:

१. मोटरची सलग चालण्याची नोंदवलेली शक्ती जास्तीत जास्त २५० वॅट.
२. ताशी १५.५ मैल (२५ किमी) वेगाला मोटरची मदत बंद झाली पाहिजे. त्यापुढे पायाने हवं तेवढं पळवा.
३. पेडल मारून सायकल चालवता आली पाहिजे.
४. चालवणाऱ्याचं वय किमान १४ वर्षं.
५. सायकलवर मोटरची शक्ती किंवा तिच्या उत्पादकाचं नाव, तसंच बॅटरीचा व्होल्टेज किंवा कमाल वेग लिहिलेला असावा.

या अटी पाळल्या तर लायसन्स, नोंदणी, रोड टॅक्स, विमा काही लागत नाही. मोडल्या तर मात्र कायद्याच्या नजरेत ती मोटारसायकल होते. मग पोलीस ती जप्त करू शकतात, आणि विना विमा वाहन चालवल्याबद्दल ३०० पौंड दंड व ६ पेनल्टी पॉइंट लागू शकतात. ज्यांना गाडीचं लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नाहीत त्यांचं लायसन्सच ६ पॉइंटांनी रद्द होतं. तेव्हा "५०० वॅटची मोटर त्याच किमतीत मिळते आहे" या मोहात पडू नका. किटसोबत अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल आला तर तो बसवू नका. पेडल न मारता ताशी ६ किमीपेक्षा जास्त वेगाने नेणाऱ्या थ्रॉटलला वेगळी मान्यता लागते, आणि घरी बसवलेल्या किटला ती नसते.

गाडीत घेतात का?

हा मुद्दा किट विकणारे सहसा सांगत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या रेनर्स लेन स्टेशनच्या फलाटावर किट बसवून विजेवर केलेल्या एका सायकलने पेट घेतला. त्यानंतर ३१ मार्च २०२५ पासून ट्यूब, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन आणि डीएलआर यांवर घडी न होणाऱ्या ई-सायकलींना बंदी आली. घडीच्या ई-सायकली त्यातून वगळल्या, कारण त्यांची बॅटरी सहसा सुरक्षित जागी असते आणि त्यांच्यात फेरफार कमी होतात, असा विचार होता.

आता गंमत पाहा. आपण करायला निघालो आहोत तो नेमका फेरफारच. देशभरातल्या रेल्वे कंपन्यांपैकी काहींनी किट बसवलेल्या सायकली गाडीत घ्यायच्याच नाहीत असा नियम केला आहे. म्हणून किट मागवण्यापूर्वी आपण रोज ज्या गाडीने जातो त्या कंपनीचा नियम शब्दन् शब्द वाचा. 'घडीची चालेल' एवढं वाचून थांबू नका, 'किट बसवलेली चालेल का' हेही पाहा. चालत नसेल आणि तुमचा प्रवास गाडीवर अवलंबून असेल, तर हा लेख इथेच मिटून थेट शेवटचा भाग वाचा.

लहान चाकाचं गणित

चाकातली मोटर म्हणजे हब मोटर. तिला गिअर नसल्यासारखंच असतं, म्हणजे चाकाचा आकार हाच तिचा गिअर. ब्रॉम्प्टनचं चाक १६ इंची, एका फेऱ्यात साधारण १.३२ मीटर जातं. डाहोन आणि टर्न यांच्या बऱ्याच सायकलींना २० इंची चाक असतं, ते १.५३ मीटरच्या आसपास जातं. मोठ्या रोड सायकलचं चाक २.१ मीटर जातं.

ताशी २५ किमी म्हणजे मिनिटाला ४१७ मीटर. या वेगाला मिनिटाला किती फेरे लागतात ते पाहा:

१६ इंची चाक: सुमारे ३१५ फेरे
२० इंची चाक: सुमारे २७० फेरे
मोठं चाक: सुमारे २०० फेरे

एकाच दिसण्याच्या मोटरी वेगवेगळ्या फेऱ्यांसाठी गुंडाळलेल्या मिळतात, उदाहरणार्थ ३६ व्होल्टवर २०१, २६० किंवा ३२८. आमची पहिली चूक इथेच झाली. स्वस्तात मिळाली म्हणून मोटर घेतली, मापात बसली, फिरलीही छान. पण रस्त्यावर ताशी १६ किमीच्या पुढे मदत मिळेना. दोन रविवार कंट्रोलरची सेटिंग्ज बदलण्यात घालवले. शेवटी मोटरवरचा आकडा वाचला: २०१. आता २०१ गुणिले १.३२ म्हणजे मिनिटाला २६५ मीटर, म्हणजेच ताशी १६ किमी. मोटर बिचारी बरोबरच होती, गुणाकार आम्हीच केला नव्हता. १६ इंची चाकाला ३२८ ची मोटर हवी.

लहान चाकाचा फायदाही मोठा आहे. ३० न्यूटन-मीटर टॉर्कची मोटर मोठ्या चाकात रस्त्यावर साधारण ९० न्यूटन जोर देते, तर १६ इंची चाकात तीच १४० न्यूटन देते. चढाचं उदाहरण घेऊ. माणूस, सायकल आणि बॅग मिळून ९० किलो, चढ ५ टक्के, वेग ताशी १५ किमी. याला २३० वॅटच्या आसपास लागतात. सहज पेडल मारणारा माणूस १०० वॅट देतो. उरलेले १३० मोटरने दिले की झालं, ऑफिसात घामाघूम होऊन पोचायला नको. लहान चाकाच्या सायकलला २५० वॅट भरपूर होतात ते यामुळे.

मोटर कुठे बसवायची

*पुढच्या चाकात:* घडीच्या सायकलला सर्वांत सोपा मार्ग. गिअर, चेन कशालाही हात लावावा लागत नाही. ब्रॉम्प्टन कंपनीने २०१७ मध्ये आपली पहिली इलेक्ट्रिक सायकल जाहीर केली तेव्हा मोटर पुढच्या चाकातच होती.

*मागच्या चाकात:* पकड चांगली मिळते, पण ब्रॉम्प्टनच्या मागच्या फ्रेमची रुंदी नेहमीपेक्षा कमी आणि गिअर हबमध्ये, त्यामुळे किटने हे करणं अवघड. डेरेलर गिअरच्या २० इंची सायकलला जमू शकतं.

*पेडलपाशी:* मोठ्या सायकलला उत्तम. पण घडी घातल्यावर चाक आणि चेन जिथे येतात नेमकी तीच जागा ही मोटर अडवते. घडीच्या सायकलला शक्यतो नको.

पुढच्या चाकासाठी दोन मापं महत्त्वाची. पहिलं, चिमट्याच्या दोन टोकांमधलं अंतर. साध्या सायकलीत ते १०० मिमी असतं, ब्रॉम्प्टन आणि अनेक डाहोनमध्ये ७४ मिमी. १०० ची मोटर घेऊन चिमटा ताणून बसवू नका. दुसरं, चिमटा कशाचा आहे. स्टीलचा असेल तर ठीक. ॲल्युमिनियम, टायटॅनियम किंवा कार्बनच्या चिमट्यात पुढची हब मोटर बसवू नये. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा ॲक्सल खाचेत उलटा फिरायला बघतो. खाच फाकली तर चाक निसटू शकतं, आणि तेही चालत्या सायकलचं पुढचं चाक. यासाठी 'टॉर्क आर्म' नावाची एक पट्टी मिळते. तिचं एक टोक ॲक्सलला घट्ट बसतं, दुसरं चिमट्याच्या दांडीला. किंमत किरकोळ, पण तिच्याशिवाय आम्ही सायकल दाराबाहेर काढत नाही.

बॅटरी: इथे काटकसर नको

बहुतेक किटची बॅटरी ३६ व्होल्टची असते, म्हणजे लिथियमचे सेल दहाच्या ओळीत. पूर्ण भरल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते. ३६ व्होल्ट गुणिले ७ ॲम्पिअर-अवर म्हणजे २५२ वॅट-अवर. घडीच्या सायकलला किलोमीटरमागे साधारण ८ ते १२ वॅट-अवर लागतात, म्हणजे एका चार्जमध्ये २० ते ३० किमी. थंडीत थोडं कमी. रोजचे येऊन-जाऊन १० किमी असतील तर मोठी बॅटरी घेऊन वजन वाढवण्यात अर्थ नाही.

बॅटरी घेताना हे पाहा:

१. विकणाऱ्याचं ब्रिटनमध्ये खरं दुकान किंवा पत्ता आहे का, आणि तो लेखी वॉरंटी देतो का?
२. बॅटरीसाठी ईएन ५०६०४-१ आणि वाहतुकीसाठी यूएन ३८.३ या चाचण्यांची कागदपत्रं तो देऊ शकतो का?
३. आत 'बीएमएस' आहे का? प्रत्येक सेल जास्त भरणं, जास्त रिकामा होणं, शॉर्ट होणं यापासून वाचवणारं सर्किट म्हणजे बीएमएस.
४. चार्जर त्याच बॅटरीसाठी दिलेला आहे का?

सेकंडहँड बॅटरी, कुणी घरी सेल जोडून बनवलेला पॅक, किंवा उघडून 'दुरुस्त' केलेला पॅक घेऊ नका. आम्ही सोल्डरिंग करणारी माणसं, तरी हे घरी करत नाही. मोटर बिघडली तर सायकल थांबते. बॅटरी बिघडली तर घर पेटू शकतं.

ती ठेवायची कुठे? ब्रॉम्प्टनला पुढे बॅग अडकवायचा ठोकळा असतो. बॅटरी त्या बॅगेत ठेवणं सर्वांत सोयीचं. वजन हँडलवर न येता फ्रेमवर येतं, आणि जिना चढताना बॅग खांद्यावर, सायकल हातात असे दोन भाग करता येतात. सीटच्या दांडीला बॅटरी लावली तर घडी करताना सीट खाली जाते का, ते आधी तपासा.

वायरी आणि बिजागरी

मोटर पुढे आणि बॅटरीही पुढे, याचा आणखी एक फायदा म्हणजे जास्त करंटची वायर फ्रेमच्या बिजागरीवरून न्यावी लागत नाही. पेडलपाशी लागणाऱ्या सेन्सरची बारीक वायर मात्र ती ओलांडते. ती ब्रेकच्या केबलच्या वाटेनेच न्या. ती जिथे वाकते तिथे हेही वाकू द्या आणि बिजागरीपाशी थोडी सैल ठेवा.

आमची दुसरी चूक इथली. सगळ्या वायरी झिप टायने ताणून कशा सुंदर बांधल्या! मग घडी घातली, आणि सेन्सरची वायर बिजागरीच्या दातात कापली गेली. झिप टाय घट्ट करण्यापूर्वी दहा वेळा घडी घाला आणि उघडा. हँडलच्या बिजागरीपाशीही तेच.

बसवण्याचा क्रम

१. किट आलं की प्रथम वजन आणि मापं तपासा. सायकलच्या मूळ वॉरंटीवर काय परिणाम होतो ते दुकानात विचारून घ्या.
२. आरे भरलेलं तयार चाकच घ्या. लहान चाकात आरे तिरके आणि आखूड असतात, घरी भरणं कटकटीचं.
३. टायर, ट्यूब नव्या चाकावर चढवा. पंक्चर कमी होणारा टायर घ्या, कारण मोटरचं चाक रस्त्याकडेला पावसात काढणं हा कसरतीचा प्रकार आहे.
४. चाक चिमट्यात बसवा. ते योग्य बाजूने बसलं पाहिजे, कारण मोटरमधला फ्रीव्हील एकाच दिशेने काम करतो. ॲक्सल खाचेत शेवटपर्यंत गेला पाहिजे. जात नसेल तर कानस घेऊन बसू नका, सायकलच्या दुकानात दाखवा.
५. टॉर्क आर्म, वॉशर, नट. घट्ट करा. मोटरची वायर आधी खाली वळून मग वर गेली पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत मोटरमध्ये शिरणार नाही.
६. ब्रेकचे रबर नव्या रिमवर नीट टेकतात का पाहा. सायकल जड झाली आहे, तेव्हा झिजलेले रबर आताच बदला.
७. पेडलपाशी चुंबकाची चकती आणि सेन्सर लावा. पेडल मारलं की मोटर सुरू, थांबवलं की बंद.
८. ब्रेक दाबताच मोटर तोडणारा स्विच किटमध्ये असेल तर तो जरूर लावा.
९. आता घडी घाला. पुढच्या चाकाचा आकडा मागच्या फ्रेमच्या नळीवर पूर्वीसारखा अडकतो का? मोटरचे नट रुंद असल्याने हा अडथळा नेहमी येतो.
१०. पुढचं चाक उचलून धरा आणि बॅटरी जोडा. पेडल हाताने फिरवून चाक पुढच्या दिशेने फिरतं का पाहा.
११. डिस्प्लेमध्ये चाकाचा आकार बरोबर भरा. तो चुकला तर वेगाची मर्यादाही चुकते, आणि नकळत कायदा मोडला जाऊ शकतो.

पहिली फेरी मोकळ्या पार्कात मारा, मुलांना मागे न पळवता. ५० किमी झाल्यावर ॲक्सलचे नट आणि आरे पुन्हा तपासा. ओल्या पानांवर, ट्रामच्या रुळांवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मदत कमी ठेवा, कारण पुढचं चाक जोर लावताना घसरू शकतं.

घरात चार्जिंग

आपल्यापैकी अनेकांची सायकल दारापाशी, जिन्याखाली उभी असते. चार्जिंगसाठी ही सर्वांत वाईट जागा. वर मुलं झोपली आहेत आणि खाली बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर बॅटरी, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. बॅटरी काढून दुसरीकडे न्या.

* जागे असताना आणि लक्ष असताना चार्ज करा, रात्रभर लावून ठेवू नका. २ ॲम्पिअरच्या चार्जरला २५२ वॅट-अवरची बॅटरी भरायला साधारण चार तास पुरतात.
* कठीण जमिनीवर, मोकळ्या हवेत ठेवा. सोफ्यावर, बॅगेत किंवा पडद्याजवळ नको.
* त्या खोलीत धुराचा किंवा उष्णतेचा अलार्म असू द्या.
* शेडमध्ये शून्याखाली तापमान असेल तेव्हा चार्ज करू नका. गारठलेली बॅटरी आधी घरात आणून सामान्य तापमानाला येऊ द्या.
* बॅटरी आपटली, फुगली, वास आला, नेहमीपेक्षा गरम लागली, तर वापर थांबवा.
* महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवा.
* जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, रिसायकलिंग केंद्रात द्या.

आग लागलीच तर विझवायच्या फंदात पडू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार लावून घ्या आणि ९९९ ला फोन करा. भाड्याच्या घरात असाल तर करारात ई-सायकलबद्दल काही लिहिलं आहे का, तेही पाहा. ऑफिसातही चार्ज करण्यापूर्वी विचारा.

भारतात नेता येईल का?

हा प्रश्न डिसेंबर जवळ आला की येतो. सायकल न्या, बॅटरी नाही. विमानात प्रवाशाला १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. त्यावर केबिनमध्येही नाही आणि सामानातही नाही. रिकामी केली तरी नियम तोच, कारण मोजतात ती तिची क्षमता. तेव्हा "बाबांना पुण्यात फिरायला होईल" म्हणून बॅटरी सुटकेसमध्ये घालू नका. सायकल तिथे गेलीच तर बॅटरी तिथल्याच विश्वासाच्या दुकानातून घ्या.

किट की तयार इलेक्ट्रिक सायकल?

हातात चांगली स्टीलच्या चिमट्याची सायकल आहे, गाडीवाले किट चालवून घेतात, आणि स्क्रू-पान्यांची आवड आहे, तर किट घ्या. मजा येते.

यातलं एकही 'नाही' असेल तर कारखान्यात तयार झालेली घडीची इलेक्ट्रिक सायकल घ्या. ती ईएन १५१९४ या मानकानुसार पूर्ण सायकल म्हणून तपासलेली असावी. किंमत पाहून दचकू नका. तुमच्या ऑफिसात 'सायकल टू वर्क' योजना असेल तर पगारातून कर कापण्याआधी हप्ते जातात, आणि २०१९ पासून १,००० पौंडांवरच्या सायकलीही योजनेत घेणं सोपं झालं आहे. हा हिशेब मांडल्यावर किट आणि तयार सायकल यांतला फरक बराच कमी होतो. आम्ही तो मांडला सगळं बसवून झाल्यावर. ही आमची तिसरी चूक.

तरी एक गोष्ट खरी. स्टेशनवरून घरी येताना शेवटचा चढ आहे, तिथे पूर्वी आम्ही उतरून सायकल ढकलत यायचो. आता बसूनच येतो, आणि वर पोचल्यावर बोलायला दम उरतो.

पुढच्या कार्यक्रमाला सायकल घेऊन येऊच. ज्यांना चालवून पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी, फक्त हेल्मेट आपलं आणा.